सुरतेचा एक खटला आणि ताराबाई शिंदे यांचा निबंध

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनास १६६४ आणि १६७० ही दोन वर्षे आठवतात. शिवाजीमहाराजांच्या त्या दोन स्वाऱ्यांनी आमच्या बखरींत, पोवाड्यांत आणि शाळेच्या पुस्तकांत सुरतेस कायमची जागा मिळवून दिली आहे. त्या मानाने १८८१ हे वर्ष कोणाच्या फारसे ध्यानात नाही. त्या वर्षी सुरतेच्या सेशन्स कोर्टाने एका तरुण विधवेस फाशीची शिक्षा ठोठावली, आणि त्या शिक्षेवरून उठलेल्या गदारोळातून मराठी गद्यातील एक अत्यंत तिखट निबंध जन्मास आला. त्या निबंधाचे नाव आता विद्यार्थ्यांस परीक्षेपुरते का होईना, ठाऊक असते. ज्या खटल्यातून तो निघाला, तो खटला मात्र निबंधापासून तुटून पडला आहे. ही ताटातूट आम्हांस निरुपद्रवी वाटत नाही. तिच्यामुळे निबंधाचा मुख्य मुद्दाच नजरेआड होतो, असे आमचे मत आहे.

खटल्याची हकीकत थोडक्यात अशी. सुरतेजवळच्या ओलपाड गावची विजयालक्ष्मी नावाची चोवीस वर्षांची ब्राह्मण विधवा. वैधव्यात तिला गर्भ राहिला, मूल झाले, आणि ते नवजात मूल मारल्याचा आरोप तिच्यावर आला. सुरतेच्या कोर्टाने तिला खुनाबद्दल दोषी ठरवून फाशी सांगितली. वर अपील झाल्यावर फाशी रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा कायम झाली, आणि पुढे तीही पाच वर्षांवर आली. शिक्षा उतरत उतरत इतकी खाली आली, यावरूनच दिसते की या बाईच्या कृत्यात नेहमीच्या खुन्याचा द्वेष किंवा लोभ नव्हता, हे सरकारदरबारीही जाणवले होते. परंतु जाणवले ते दयेच्या रूपाने. न्यायाच्या रूपाने नव्हे. १८६० च्या दंडसंहितेत खुनासाठी कलम होते, मूल टाकून देण्यासाठी होते, जन्म लपविण्यासाठीही होते, भयासाठी नव्हते. आणि त्या मुलाचा बाप होऊन बाजूस सरणाऱ्या पुरुषासाठी तर एकही नव्हते. खुद्द इंग्लंडातही आईच्या हातून झालेली नवजात अर्भकाची हत्या खुनापासून वेगळी काढणारा कायदा १९२२ साली झाला. मग १८८१ साली सुरतेच्या न्यायाधीशाने तसा विचार करावा, ही अपेक्षा गैरवाजवी ठरेल. न्यायाधीशाने समोर असलेला कायदा लावला. आमचा प्रश्न त्या कोर्टाबाहेर जे कोर्ट भरले, त्याच्याविषयी आहे.

ते कोर्ट वर्तमानपत्रांत भरले. मुंबई इलाख्यातील देशी आणि इंग्रजी पत्रांनी या खटल्यावर रकानेच्या रकाने लिहिले. काहींनी वैधव्याच्या रूढीस दोष दिला. परंतु 'पुणे वैभव' या सनातनी पत्राने १८८१ च्या मे महिन्यात जो लेख छापला, त्याचा रोख निराळा होता. एका विजयालक्ष्मीच्या अपराधावरून त्याने एकंदर स्त्रीजातीच्या ढळत्या नीतीविषयी निवाडा देऊन टाकला. हा लेख वऱ्हाडातील बुलढाण्याच्या एका मराठा घरात वाचला गेला. त्या घरचे कर्ते बापूजी हरि शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजाचे सभासद, आणि स्वतः एका पुस्तिकेचे लेखक. त्यांची मुलगी ताराबाई घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकलेली; नवरा घरजावई म्हणून आलेला; मूलबाळ नाही. तिने उत्तर लिहिले. ते १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे, नाव 'स्त्रीपुरुषतुलना'.

नावापुढे निबंधाचा हेतू सांगणारे उपशीर्षक आहे. स्त्रिया आणि पुरुष यांत 'साहसी' कोण, हे स्पष्ट करून दाखविण्यासाठी हा निबंध लिहिला, असा त्याचा आशय. आजचा वाचक येथे हमखास अडखळतो. आमच्या काळी साहस हा गुण झाला आहे; गिर्यारोहकांचा आणि दर्यावर्द्यांचा. मग 'साहसी कोण' ही स्पर्धा ताराबाई जिंकू पाहतात की काय, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर त्याचा दोष नाही. परंतु संस्कृत धर्मशास्त्रात साहस हे व्यवहारपद आहे, म्हणजे फिर्यादीचा एक प्रकार आहे. बळजोरीने, उघड उघड केलेला घोर अपराध म्हणजे साहस. मराठीतही अविचाराने केलेले भयंकर कृत्य हा त्याचा अर्थ दीर्घकाळ चालू होता. आणि स्त्रियांवर या शब्दाचा शिक्का मारण्याचे काम भर्तृहरीच्या शृंगारशतकातील एका प्रसिद्ध श्लोकाने केले होते. त्या श्लोकात स्त्रीला संशयाचा भोवरा, उद्धटपणाचे घर, साहसाचे नगर, दोषांचे भांडार अशी एकामागून एक विशेषणे लावली आहेत. ताराबाईंनी हा श्लोक आरोपपत्रासारखा घेतला. एकेक विशेषण उचलायचे, ते कोणास अधिक लागू पडते ते व्यवहारातील दाखल्यांनी दाखवायचे, आणि मग ते ज्याचे त्यास परत करायचे, अशी त्यांच्या निबंधाची रीत आहे. साहसाचे नगर तुरुंगात जाऊन पाहा, तेथे कोण भरलेले आहे, असा त्यांचा रोकडा युक्तिवाद आहे. खोटे दस्तऐवज, दरोडे, लाचलुचपत, विषप्रयोग, राजद्रोह, यांत स्त्रिया किती आणि पुरुष किती? या मोजणीस उत्तर नव्हते.

येथेच आमच्या मते या निबंधाचा कणा आहे. 'पुणे वैभव'ने जेथे साहस पाहिले, तेथे ताराबाईंनी भय पाहिले. विधवेस वश करणारा पुरुष आधी आणाभाका घेतो, पायांवर लोळतो. एकदा गोष्ट अंगाशी आली की तोच तोंड फिरवितो, आणि पुढची सारी विटंबना एकट्या बाईच्या वाट्यास येते. त्या विटंबनेच्या धास्तीने तिच्या हातून जे घडते, त्याचा कर्ता कोण, असा त्यांचा प्रश्न आहे. कर्ता ज्याने केले तो, हे कायद्याचे उत्तर. कर्ता ज्याने भय निर्माण केले तो, हे ताराबाईंचे उत्तर. मराठीत या पूर्वी विधवांविषयी कमी लिहिले गेले होते, असे नाही. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली आले होते, विष्णुशास्त्री पंडितांनी पुनर्विवाहाचा पक्ष हिरिरीने मांडला होता. परंतु त्या सर्व लिखाणात विधवा ही कीव करण्याची वस्तू आहे. तिच्या अपराधाकडे तिच्या बाजूने पाहणारे, आणि तो अपराध नाकारता पुरुषाच्या खात्यावर मांडणारे लिखाण हे पहिलेच.

हे भय कशाचे होते, हे आजच्या वर्गात बसलेल्या मुलामुलींस सांगताना केवळ 'समाजाचे भय' म्हणून भागत नाही. ब्राह्मण विधवेचे केशवपन, तिचे आलवण, लग्नकार्यात तिचे तोंड न पाहण्याची चाल, एकभुक्त राहण्याचे बंधन, हे सर्व रोजचे होते आणि ते ती सोसतच होती. गर्भ राहिला म्हणजे याच्या पलीकडचे भय सुरू होई. ज्ञातीने वाळीत टाकले तर केवळ तीच नव्हे, माहेर आणि सासर ही दोन्ही घरे बुडत. भावाच्या मुलींची लग्ने होत नसत. म्हणजे तिला भिवविणारे लोक परके नसून तिच्यावर ज्यांचे पोट आणि प्रेम अवलंबून असे, तेच असत. हे भय नऊ महिने दिवसागणिक चढत जाणारे होते, आणि ते कोणाजवळ बोलून दाखविता येत नव्हते. 'यात्रेस' म्हणून दूर क्षेत्री पाठविल्या गेलेल्या विधवांपैकी कित्येक कशासाठी जात, हे त्या काळच्या घराघरांत ठाऊक होते आणि कोणी उच्चारीत नव्हते.

ताराबाईंच्या वीस वर्षे आधी हे भय ओळखून त्यावर उपाय करणारे एक जोडपे पुण्यात होते. जोतीराव फुले यांनी १८८४ साली वैधव्याच्या प्रश्नावर इंग्रजीत जे मत नोंदविले, त्यात काशीबाईची हकीकत आहे. ही ब्राह्मण विधवा त्यांच्या गोवंडे नावाच्या स्नेह्यांच्या घरी कामास होती. एका शास्त्र्याच्या नादाने तिला गर्भ राहिला, औषधांनी तो पडला नाही, तेव्हा जन्मलेले मूल तिने मारून विहिरीत टाकले. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबोवांस अर्थातच काही झाले नाही. या घटनेनंतर जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, अशा जाहिराती भिंतींवर लावल्या. १८८४ पर्यंत तेथे ३५ विधवा बाळंत झाल्या. त्यांतील पाच मुले जगली. बाकीची तीस गर्भात असतानाच आयांनी घेतलेल्या विषारी औषधांच्या परिणामाने मेली, असे जोतीराव नमूद करतात. भयाचे प्रमाण काढावयाचे असेल तर याहून बोलका आकडा आम्हांस माहीत नाही. दार उघडे होते. पण त्या दारापर्यंत पोचण्यापूर्वीच बहुतेकींनी औषध घेतलेले होते.

असे दुसरे दार १८७५ साली पंढरपुरास उघडले. ते उघडण्यात पुढाकार घेणारे लालशंकर उमियाशंकर हे न्यायखात्यातील गृहस्थ गुजराती होते, आणि संस्था प्रार्थना समाजाची. ओलपाडच्या विजयालक्ष्मीच्या कानी पुण्याचे किंवा पंढरपूरचे नाव गेले असेल, असे मानणे कठीण आहे. तरी सुरत काही अंधारात पडलेले गाव नव्हते, ही या प्रकरणातील खेदाची बाब. १८४४ साली सुरतेतच दुर्गाराम मंछाराम मेहता यांनी मानवधर्मसभा स्थापन केली, आणि तिच्या संस्थापकांत आमचे दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. मराठी व्याकरणकार म्हणून दादोबांस ओळखणाऱ्या शिक्षकांस त्यांचे हे सुरतेतील दिवस सहसा माहीत नसतात. त्या सभेत जातिभेदावर, मंत्रतंत्रावर, विधवांच्या स्थितीवर उघड वाद होत. पुढे याच दादोबांच्या प्रेरणेने मुंबईत परमहंस सभा आणि १८६७ साली त्यांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या नेतृत्वाखाली प्रार्थना समाज निघाला. म्हणजे पंढरपूरच्या दाराचा धागा मागे नेला तर तो सुरतेस जाऊन पोचतो.

त्याच सुरतेचा कवी नर्मदाशंकर. १८६० साली मुंबईत त्याने सुरतेहून आलेले वैष्णव आचार्य जदुनाथजी महाराज यांच्याशी विधवाविवाहाच्या शास्त्रार्थावर जाहीर वाद केला, आणि १८६९ साली स्वतः एका विधवेशी लग्न केले. याच जदुनाथजींनी करसनदास मुळजी यांच्यावर केलेला बेअब्रूचा खटला १८६२ साली मुंबईत गाजला. त्यात गुरूंच्या घरी भक्तस्त्रियांची काय गत होते, हे साक्षीपुराव्यांनिशी चव्हाट्यावर आले. तात्पर्य, विजयालक्ष्मी ज्या मुलुखात वाढली, तेथे तिच्या जन्माच्या आधीपासून स्त्रियांविषयी शास्त्र काय म्हणते याचा ऊहापोह चालू होता. पण तो चालला होता पुरुषापुरुषांत. पराशराच्या वचनाचा अर्थ वाग्दत्तेपुरता की विवाहितेसही लागू, या प्रश्नावर १८७० साली पुण्यास शंकराचार्यांच्या आश्रयाखाली पंडितांची मोठी सभा भरली, निकाल पुनर्विवाहाच्या विरुद्ध गेला. १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा तोवर चौदा वर्षांचा जुना झाला होता. कायद्याने लग्नास परवानगी दिली होती, शास्त्र्यांनी नाकारली होती. आणि गर्भार विधवेस या दोहोंचाही उपयोग नव्हता. तिला त्या रात्री एक दार आणि एक सुईण हवी होती. ताराबाई सुधारकांच्या सभांची जी टर उडवितात, ती आमच्यातील काहींस अन्यायाची वाटते. वरील हकीकत ध्यानी घेतली म्हणजे ती तशी वाटू नये.

धर्माच्या बाबतीत ताराबाईंचा पवित्रा पाहण्यासारखा आहे. त्या नास्तिक नाहीत. ईश्वरास त्या वारंवार साक्षीस बोलावितात. परंतु स्त्रीधर्म म्हणून जे सांगितले जाते, ते ईश्वराचे आहे हे त्यांस मान्य नाही. ते ज्यांच्या सोयीचे आहे त्यांनीच लिहिले, असे त्या निक्षून सांगतात. नवरा दुर्व्यसनी असो, मारकुटा असो, तो देवच, असे जर आहे तर देवासारखे वागण्याचे बंधन नवऱ्यावर का नाही? नवरा मेला हा जर बायकोचा अपराध, तर बायको मेली हा कोणाचा? तिच्यासाठी नवऱ्याने दाढीमिशा काढून रानात का जाऊ नये? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोसाठी यमाच्या दारी गेलेला एखादा नवरा दाखवा. पुराणांतील ऋषींच्या आणि देवांच्या कथांचा तर त्या मनमुराद समाचार घेतात.

या ठिकाणी मनूच्या मताशी त्यांच्या मताचा सामना स्पष्ट होतो. मनुस्मृतीत बाप, नवरा आणि मुलगा हे तीन रक्षक सांगितले आहेत, आणि स्त्री स्वातंत्र्यास पात्र नाही असे म्हटले आहे. नवव्या अध्यायात या रक्षणाचे कारणही दिलेले आहे: स्त्रियांचा स्वभावच चंचल, म्हणून त्यांना राखावयाचे. म्हणजे हे रक्षण बाहेरच्या संकटापासून जितके, तितकेच स्त्रीचे स्वतःपासून. रक्षण आणि पहारा यांतील अंतर येथे पुसले जाते. ताराबाईंनी मनूचा असा पृथक्करणपूर्वक परामर्श घेतलेला नाही, त्या शास्त्रीय पद्धतीने लिहीत नाहीत. परंतु त्यांच्या निबंधाचा रोख नेमका याच गृहीतावर आहे. ज्याच्यापासून रक्षण हवे तोच रक्षक, हे त्या संसारातले शेकडो दाखले देऊन दाखवितात. आणि विधवावपनाची रूढी केवळ ब्राह्मणांत राहिली नसून पुनर्विवाहबंदी वरच्या म्हणविणाऱ्या इतर जातींतही पसरत आहे, असे त्या बजावतात, तेव्हा तो बुलढाण्याच्या मराठा घरातील स्वानुभव असतो, ऐकीव गोष्ट नव्हे. प्रस्तावनेत त्या स्वतःस मराठमोळ्या घरात कोंडलेली अज्ञान स्त्री म्हणवितात. पुढचा निबंध वाचून हे विनयाचे वचन कोणी खरे मानील, असे नाही.

त्याच १८८२ साली पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' पुण्यास प्रसिद्ध झाले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावी. रमाबाई तेव्हा नुकत्याच वैधव्य पावलेल्या, शास्त्रांत पारंगत, आणि त्यांचे पुस्तक स्त्रियांस उपदेश करते: शिका, स्वावलंबी व्हा, नीतीने राहा. ताराबाईंचे तोंड पुरुषांकडे आहे. त्यांची भाषाही तशीच, घरगुती म्हणींनी भरलेली, मध्येच शिवराळ होणारी, वाक्य संपविण्याची फिकीर न करणारी. ती भांडणाची भाषा आहे, हे आक्षेपकांचे म्हणणे आम्ही नाकारीत नाही. परंतु हेही नमूद केले पाहिजे की संसार मोडावा, असे त्या कोठेही म्हणत नाहीत. पातिव्रत्याचा आदर्श त्यांस त्याज्य नाही. तो एकतर्फी आहे, एवढेच त्यांचे गाऱ्हाणे आहे. वेश्यांविषयीचे त्यांचे लिखाण तर कधी कणवेचे, कधी कठोर असे दोलायमान आहे. त्यांस सरसकट 'पहिल्या स्त्रीवादी' म्हणून पाठ्यपुस्तकात बसविताना हे कंगोरे घासून टाकले जातात, आणि सुरतेची विजयालक्ष्मीही त्याच कानशीने घासली जाते.

निबंधाचे स्वागत कसे झाले, हे जोतीरावांच्या 'सत्सार'च्या १८८५ सालच्या दुसऱ्या अंकावरून कळते. ताराबाईंच्या पुस्तकास नाके मुरडणाऱ्यांत परके होते तसे आपलेही होते, आणि जोतीरावांनी त्यांची चांगलीच कानउघाडणी केली आहे. ताराबाईंचा उल्लेख ते वडीलकीच्या मायेने 'चिरंजीविनी' असा करतात. योगायोग असा की आदल्याच वर्षी ज्या मलबारींच्या टिपणांवर जोतीरावांनी आपले इंग्रजी मत दिले, ते बेहरामजी मलबारीही लहानपणी सुरतेतच वाढलेले. एवढा एक पाठिंबा सोडला तर निबंधाभोवती शांतता पसरली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. 'सत्सार'च्या वादात पुरुषच बोलत राहिले. आणि ज्या लेखिकेने भयाचे नाव घेतले, ती पुन्हा लिहिती झाली नाही.

आमच्या वाङ्मयेतिहासांनी हा निबंध जवळजवळ एक शतक ओलांडून पुढे पाऊल टाकले. निबंधमालेची एकेक ओळ आम्ही घोकली, आणि त्याच पुण्यात, मालाकारांच्या हयातीत ज्या निबंधाच्या सुरुवातीची ठिणगी पडली, तो आमच्या कपाटांत नव्हता. स. गं. मालशे यांना त्याची प्रत सापडली आणि १९७५ साली त्यांनी तो मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातर्फे पुन्हा छापला. १९९४ साली रोझालिंड ओ'हॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर निघाले, आणि सुरतेच्या खटल्याची वर दिलेली हकीकत त्यांच्या प्रस्तावनेमुळे अभ्यासकांस नीट कळली. पुनर्मुद्रण हाती आले त्या वर्षी, विजयालक्ष्मीच्या पाच वर्षांच्या शिक्षेची मुदत संपून सुमारे नव्वद वर्षे झाली होती.